फेडरल ज्युडिशियल सेंटरची न्यायाधीश सूची: फुकट आणि अस्सल

अमेरिकेतला फेडरल जिल्हा न्यायाधीश कसा घडतो हे पाहायचं असेल, तर फेडरल ज्युडिशियल सेंटर या तिथल्या केंद्रीय न्यायव्यवस्थेच्या संशोधन-प्रशिक्षण संस्थेच्या संकेतस्थळावरची ही चरित्रसूची उघडाच. अगदी १७८९ पासूनचे न्यायाधीश तिथे सापडतात.

मी एमपीएससीच्या न्यायाधीश परीक्षेची तयारी करून घेते. "मॅडम, तिकडे कुठली परीक्षा असते?" हे मुलं हमखास विचारतात. परीक्षा नसतेच. राष्ट्राध्यक्ष नाव पाठवतात, सिनेट मंजुरी देते आणि नेमणूक तहहयात. नुसतं सांगून हे पटत नाही, म्हणून मी कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांचं पान पडद्यावर लावते. १९४६ मध्ये कोलंबिया विद्यापीठाची कायद्याची पदवी, नागरी हक्कांच्या खटल्यांत वर्षानुवर्षं वकिली, न्यूयॉर्कच्या राज्य सिनेटमध्ये सदस्यत्व, मग मॅनहॅटन बरोचं (न्यूयॉर्क शहराच्या एका विभागाचं) अध्यक्षपद. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी नाव पाठवलं २६ जानेवारी १९६६ ला, मंजुरी मिळाली ३० ऑगस्टला! मधले सात महिने मिसिसिपीचे सिनेटर ईस्टलंड यांनी अडवून धरले होते. पानावर मात्र फक्त तारखा. त्यामागची झुंज शिकवणाऱ्याने सांगायची. पहिल्या कृष्णवर्णीय महिला फेडरल न्यायाधीश त्या, पुढे १९८२ ते १९८६ आपल्या जिल्हा न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशही झाल्या.

नोंदी आटोपशीर आहेत, शोध सोपा आहे, सगळी माहिती उतरवूनही घेता येते. मॅजिस्ट्रेट आणि दिवाळखोरी न्यायाधीश मात्र यात शोधू नका. ते तहहयात नेमणुकीतले नाहीत. कायद्याच्या विद्यार्थ्यांना डोळे झाकून सुचवेन.