इंदूरमधली ‘दबलेल्या आठवणी’ उघडून देणारी रिग्रेशन सत्रं: आरामाला हरकत नाही, शोधाला नको

पाचपैकी दोन स्टार. दोन्ही खोलीच्या शांततेला आणि समोरच्या माणसाच्या ऐकून घेण्याला. पद्धतीला एकही नाही. केंद्राचं नाव देत नाही, कारण हीच पद्धत शहरात इतरही ठिकाणी चालते आणि पुढे लिहिलेलं कुठेही पडताळता येईल.

रिग्रेशन म्हणजे संमोहनाने मनाला मागच्या वयात नेणं. सत्र साधारण दीड तासाचं. आधी अर्ज आणि बोलणं, मग आरामखुर्ची, श्वास मोजणं, डोळे मिटून जिना उतरण्याची कल्पना आणि शेवटच्या पायरीवर ‘आता वय किती?’ हा प्रश्न. भाषा हिंदी, मागितली तर मराठी. इथपर्यंत उत्तम. अंग सैल पडतं, त्या रात्री झोप बरी लागते.

बिघडायला सुरुवात होते ती अर्जापासूनच. ‘आठवत नसलं तरी लहानपणी काहीतरी घडलं असावं, असं वाटतं का?’ असा एक प्रश्न आहे आणि खाली लक्षणं: झोप न लागणं, वजन वाढणं, उगाच रडू येणं, कुणावर विश्वास न बसणं. ही लक्षणं नैराश्यात दिसतात, यातली काही थायरॉईडच्या त्रासातही. लहानपणी अत्याचार झाला होता की नाही, हे त्यांवरून ठरत नाही. पण अर्ज भरून खुर्चीत बसणाऱ्याच्या मनात शंका पेरली गेलेली असते.

मग डोळे मिटलेले असताना विचारलं जातं, ‘दारात कोण उभं आहे?’ दार कुणी सांगितलं होतं? कुणी उभं असल्याचं तरी कुणी म्हटलं होतं? प्रश्नानेच माणूस दारात आणून उभा केला. सैलावलेलं मन तिथे एक धूसर आकृती काढतं. पुढच्या सत्रात तिला कपडे येतात, मग चेहरा, आणि तो बहुधा घरातल्याच कुणाचा. दोन-तीन उजळण्यांनंतर चित्र ओळखीचं वाटू लागतं आणि त्या ओळखीलाच आपण आठवण समजतो. चित्र कुठून आलं, ही नोंद मन फार कच्ची ठेवतं.

१९८३ मध्ये लॉरेन्स आणि पेरी या मानसशास्त्रज्ञांनी नेमकं हेच तपासलं. संमोहनाला चटकन प्रतिसाद देणाऱ्या २७ जणांना आधीच्या आठवड्यातल्या एका रात्रीत ‘परत नेलं’ आणि मोठ्या आवाजांनी जाग आल्याचं सुचवलं. नंतर १३ जण ते खरंच घडलं असं मानू लागले. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या समितीनेही १९८५ मध्ये संमोहनातून ताज्या केलेल्या आठवणी जास्त विश्वासार्ह नसतात असंच म्हटलं. संमोहनात तपशील वाढतात, खात्री वाढते; अचूकपणा वाढतोच असं नाही.

पण म्हणून ‘विसरलेलं आठवलं म्हणजे खोटंच’ असं कुणी म्हणू लागलं तर तेही साफ चूक आहे. संशोधक लिंडा विल्यम्स यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १२९ बायका होत्या, ज्यांच्यावर लहानपणी झालेल्या अत्याचाराची नोंद तेव्हाच रुग्णालयात झाली होती. १७ वर्षांनी मुलाखतीत ३८ टक्के जणींनी ती घटना सांगितली नाही. ते सगळं विस्मरण होतं की काहींनी सांगणं टाळलं, यावर वाद आहे. घटना मात्र खऱ्या होत्या. आणि २००७ मधला गेरार्ट्स व सहकाऱ्यांचा अभ्यास सगळ्यांत उपयोगी: सतत लक्षात राहिलेल्या आठवणींपैकी ४५ टक्क्यांना बाहेरून दुजोरा मिळाला, थेरपीबाहेर आपोआप परतलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना, आणि थेरपीत परतलेल्यांपैकी एकालाही नाही. हा शेवटचा गट फक्त १६ जणांचा होता, तेवढं ध्यानात ठेवावं. म्हणजे आठवण उशिरा आली हा तिचा दोष नाही. ती कशी आली, हे बघायचं.

तरीही जायचंच असेल, तर आदल्या दिवशी आपल्याला काय आठवतं ते स्वतःच्या हाताने लिहून तारीख घाला. आधीचं काय आणि सत्रातलं काय, हे नंतर वेगळं करायला दुसरा मार्ग उरत नाही. संपूर्ण सत्राचं रेकॉर्डिंग मागा. ‘काहीच आठवलं नाही तर?’ हे विचारा. ‘मग अजून खोल जाऊ’ असं उत्तर आलं तर उठा. समोरचा स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर त्याचा रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचा नोंदणी क्रमांक बघा. पाच सत्रांचं आगाऊ पॅकेज घेऊ नका, कारण पैसे भरले की काहीतरी निघायलाच हवं असं दोघांनाही वाटू लागतं. पुढेमागे पोलिसांत तक्रार करायचा विचार असेल तर संमोहन अजिबात नको. खऱ्या साक्षीलाही बचावाचा वकील त्यावरून खिंडार पाडतो.

मानसिक आघाताचा त्रास असेल तर आघातकेंद्रित सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी, बोलण्यातून होणारी उपचारपद्धती) किंवा ईएमडीआर (आठवण मनात आणताना डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करवून घेणारी पद्धत) विचारा. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये दोन्हींची शिफारस केली आहे. उपचार जे आठवतं त्यावर आणि आजच्या त्रासावर होतो, हरवलेलं खणून काढावं लागत नाही. बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे, एमवाय म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे.

अशी सत्रं आधीच घेऊन झाली असतील आणि एखादा चेहरा डोळ्यांसमोरून हलत नसेल, तर लगेच घरी विषय काढू नका आणि स्वतःला खोटंही ठरवू नका. सत्रं थांबवा, लिहिलेलं घेऊन प्रशिक्षित तज्ज्ञाकडे जा. नक्की काय घडलं हे कधीच ठरलं नाही तरी झोप, भीती, धडधड यांवर उपचार होतात. रात्री-अपरात्री फारच असह्य झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे.