क्वेकरांची मौनसभा: चाळणी उत्तम, चहापान घातक

क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मौनसभेला ध्यानाचा तास समजून जाल तर निराशा होईल. इथे मंत्र नाही, श्वास मोजणं नाही. (क्वेकरांच्या काही शाखांत पाद्री आणि ठरलेली प्रार्थना असते, हे परीक्षण फक्त मौनसभेचं.) साधारण तासभर सगळे समोरासमोर गप्प बसतात. कुणाला आतून बोलावंसं झालंच, तर उठायचं, थोडक्यात सांगायचं आणि बसायचं. हस्तांदोलन झालं की सभा संपली.

खरा माल आहे तो बोलण्याआधीच्या चाळणीत. सुचलेलं माझ्यापुरतं आहे की सगळ्यांसाठी? आजच सांगायचं की अजून मुरू द्यायचं? आणि गप्प राहिलो तर चालेल का? चालत असेल तर बसून राहावं. छातीतल्या धडधडीवर मात्र विसंबू नये, ती चारचौघांत बोलायच्या भीतीनेही होते. त्यापेक्षा विचार बाजूला सारून पाहावा. तीनदा सारूनही परत आला आणि बोलून वाहवा मिळण्याऐवजी अडचणच होणार असेल, तर तो बहुधा खरा.

ही कसोटी किती महाग पडते ते अठराव्या शतकातल्या अमेरिकेतल्या जॉन वुलमन या क्वेकराकडे पाहून कळतं. न्यू जर्सीत दुकानात नोकरी करताना मालकाने त्याला एका गुलाम स्त्रीचं विक्रीखत लिहायला सांगितलं. भिडेखातर त्याने ते लिहिलं, पण गुलामगिरी धर्माला धरून नाही, हे मालक आणि गिऱ्हाईक दोघांच्या तोंडावर सांगितलं. पुढे मृत्युपत्रात गुलाम वारसाने द्यायचे असले की तो लिहायलाच नकार देई. 1758 साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत तो यावर बोलला. गुलाम बाळगणाऱ्या सदस्यांना बाहेर काढण्याचा निर्णय व्हायला मात्र 1776 उजाडलं.

बिघडतं कुठे? एक बोलला की दुसऱ्याला उत्तर सुचतं, मग तिसऱ्याला, आणि सभेचं रूपांतर चर्चेत होतं. म्हणून दोन बोलण्यांच्या मध्ये काही मिनिटं शांतता हवी आणि एका सभेत एकाने एकदाच बोलावं. घरून तयार करून आणलेलं भाषण तर लगेच ओळखू येतं, त्याचे सांधे दिसतात.

सगळ्यात मोठी खोट सभेनंतरची. चहाच्या वेळी कुणीतरी येऊन ‘छान बोललात’ म्हणतं. हेतू चांगला असतो, पण पुढच्या रविवारी माणूस त्या शाबासकीसाठीच उठतो आणि चाळणी तिथेच फाटते. ज्येष्ठांनी अशा वेळी बाजूला घेऊन सांगायचं असतं, पण तेही भिडेपोटी टाळतात. लोकांना खूश ठेवण्याची सवय मोडायला आलेल्याला हा चहा फार महागात पडतो.

नवख्याने पहिल्या चार-पाच सभा नुसतं ऐकावं. दाराजवळची खुर्ची उशिरा येणाऱ्यांसाठी सोडावी, आणि फोन बंद करावा. नुसता थरथरता ठेवला तर त्या शांततेत तोही भाषणच करतो.