आवाज दाबणारा हेडफोन, भुसावळच्या उन्हाळ्यात

मे महिन्यात आमच्याकडे लोखंडी कूलर दिवसभर घरघरतो. त्यावर हा हेडफोन एक नंबर. त्यातला माईक बाहेरचा आवाज टिपतो, हेडफोन त्याची उलटी लहर सोडतो, म्हणून एकसुरी खर्ज लगेच दबतो. कुकरची शिट्टी किंवा भरितासाठी लाकडी बडगीत वांगी ठेचल्याचा ठक्क आवाज मात्र आत घुसतोच. कान घामेजतात, ते चालायचंच.

खरी गंमत अमेरिकन संगीतकार जॉन केजचं चार मिनिटं तेहतीस सेकंदांचं संगीत ‘४′३३″’ लावल्यावर. २९ ऑगस्ट १९५२ ला अमेरिकेतल्या वुडस्टॉकला पियानोवादक डेव्हिड ट्यूडर पियानोपुढे बसला, झाकण लावलं आणि तिन्ही भागांत एकही सूर वाजवला नाही. केज नंतर सांगायचा, बाहेरचा वारा, छपरावरचा पाऊस, लोकांची कुजबुज, हेच ते संगीत. आता तेवढंच गाळणाऱ्या यंत्रातून ते ऐकायचं म्हणजे भरीत करायला बसून वांगंच बाजूला काढणं!

मग बाहेरचं ऐकू देणारा मोड लावला. कूलरच्या पाण्याची टपटप, यार्डातल्या मालगाडीचा भोंगा, शेजारच्या आजींची अहिराणीत नातवाला हाक. झकास मैफल!

कूलरसाठी पाचपैकी चार. केजसाठी खुंटीला टांगा. मोडचं बटण बोटाला नीट सापडतंय का, ते दुकानातच बघून घ्या. माझ्याकडे ते व्हॉल्यूमला खेटून आहे.