मार्कडाउन की आस्कीडॉक? फाउंड्रीत ८ महिने वापरल्यावर

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फाउंड्रीत कामाच्या सूचना मराठीत लिहिण्याचं काम माझ्याकडे आहे. पूर्वी सगळं वर्डमध्ये होतं. भट्टीजवळ एक प्रिंट, मोल्डिंगला दुसरी, आणि दोन्हींत ओतण्याचं तापमान वेगळं. "साहेब, ह्यातलं खरं कुठलं धरायचं?" असं एका मोल्डरनं विचारलं, तेव्हा मला उत्तर देता येईना. त्याच दिवशी ठरवलं, मजकूर एकाच साध्या टेक्स्ट फायलीत ठेवायचा आणि प्रत्येक प्रिंट तिच्यातूनच काढायची.

सुरुवात मार्कडाउननं केली, म्हणजे साध्या टेक्स्टमध्येच चिन्हं टाकून शीर्षक, यादी दाखवायची. जॉन ग्रूबरनं २००४ मध्ये आणलेली ही पद्धत शिकायला एक दुपार पुरते. शीर्षकाआधी हॅश, यादीला डॅश. त्याचं वर्ड किंवा पीडीएफमध्ये रूपांतर करायला पॅनडॉक हे सॉफ्टवेअर, तेही फुकट. वर्डसाठी तर ते उत्तमच: आपल्या हेडर-फुटरची एक नमुना फाइल दिली की समास, फॉन्ट सगळं तिच्याप्रमाणे येतं.

देवनागरी पीडीएफपायी मात्र दोन आठवडे गेले. काही सांगितलं नाही तर पॅनडॉक पीडीएफ बनवायला पीडीएफलाटेक हे इंजिन वापरतं आणि ते देवनागरीपाशी अडतं. त्याऐवजी झीलाटेक निवडा, नोटो सेरिफ देवनागरीसारखा फॉन्ट द्या आणि लिपी देवनागरी आहे हे फॉन्टच्या पर्यायांत वेगळं लिहा. हे शेवटचं माझ्याकडून राहिलं होतं. पहिल्या वेलांट्या भलत्याच जागी आणि जोडाक्षरं फुटलेली.

खरी अडचण तक्त्यांची. आमच्या तपासणीच्या तक्त्यांत दोन-तीन घरं एकत्र केलेली असतात. मार्कडाउनच्या उभ्या रेघांच्या तक्त्यात ते जमत नाही. आस्कीडॉक या तशाच दुसऱ्या पद्धतीत घराआधी आकडा आणि अधिकचं चिन्ह टाकलं की झालं. पण आस्कीडॉकचं रूपांतर करणाऱ्या आस्कीडॉक्टरच्या थेट पीडीएफमध्ये जोडाक्षरं नीट जुळत नाहीत, म्हणून मी एचटीएमएल काढून ब्राउझरमधून छापतो. अशा पद्धतींपैकी तिसरं, रीस्ट्रक्चर्डटेक्स्टही पाहिलं. तिथे शीर्षकाखालची रेघ शीर्षकाइतकी लांब लागते. काना-वेलांट्याही मोजल्या जातात, त्यामुळे डोळ्यांना पुरेशी वाटणारी रेघ तोकडी ठरते. सोडून दिलं.

आता सूचना मार्कडाउनमध्ये आणि तक्ते आस्कीडॉकमध्ये. जुन्या फायली युनिकोड नसलेल्या फॉन्टात असतील तर आधी त्या युनिकोडमध्ये आणा, नाहीतर हाती रोमन अक्षरांची खिचडी येते.

सगळ्या फायली गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. तापमानाचा आकडा कोणी, कधी बदलला ते एका ओळीत दिसतं. प्रिंटवर तारीख येते आणि तोच मोल्डर ती बघून जुना कागद स्वतःच काढून टाकतो.