गाडी ऐंशीला थरथरते: बॅलन्सिंग, टायर, रिम की ॲक्सल?

गावातल्या रस्त्यावर गाडीबद्दल तक्रार करायला जागा नसते. चाळीस, पन्नास, सगळं ठीक. रत्नागिरीजवळ हातखंब्याला हायवेला लागून काटा ऐंशीच्या पुढे गेला की मात्र स्टेअरिंग हातात थरथरायला लागतं, आणि शंभरच्या जवळ आरशातला मागचा ट्रक धूसर दिसू लागतो. मग जो तो वेगळं सांगतो. शेजारी म्हणतो अलाइनमेंट करून घे, पंक्चरवाला म्हणतो टायर गेले, तिसरा म्हणतो ॲक्सल बघ. यातलं एक काम शेकड्यांत होतं, दुसरं हजारांत. चुकीचं आधी केलं तर पैसे जातात आणि थरथर तशीच राहते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वेगाबरोबर येणारी थरथर बहुतेक वेळा चाकातूनच येते, आणि चाकाचा दोष शोधायला सुरुवातीला एक रुपयाही लागत नाही. पाणी, खराटा आणि तासभर वेळ पुरतो.

चाळीसला काही नाही आणि नव्वदला सगळं, असं का होतं? १८५/६५ आर १५ मापाच्या टायरचा घेर साधारण १.९५ मीटर असतो. ताशी ९० किमीला तो सेकंदाला जवळपास १३ फेरे मारतो. रिमच्या कडेला एकाच बाजूला ३० ग्रॅम वजन जास्त असेल, तर या वेगाला ते चाकाला सुमारे पावणेचार किलोच्या जोराने बाहेर ओढतं. ४५ च्या वेगाला हाच जोर चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे किलोच्याही खाली येतो. म्हणून गावात काही कळत नाही. ३० ग्रॅम म्हणजे दोन सुपाऱ्यांएवढं वाळलेल्या लाल मातीचं ढेकूळ.

हे ढेकूळ मी स्वतःच्या हाताने काढलं आहे. एका पावसाळ्यात आमच्या वाडीचा रस्ता जांभ्या चिखलात बुडाला होता आणि गाडी रोज त्यातूनच जात होती. हायवेला थरथर सुरू झाली तेव्हा मी आधी अलाइनमेंट करून घेतली, फरक शून्य. मग एका दुकानात बॅलन्सिंग केलं. गाडी लोण्यासारखी पळाली, पण पंधरा दिवसच. एका सकाळी आधीपेक्षा जोरात थरथर सुरू झाली. अंगणात चाक उतरवून उलटं केलं तर रिमच्या आतल्या बाजूला बोटभर जाडीचा मातीचा थर वाळून विटेसारखा कडक झालेला, आणि त्यात हातभर जागा मोकळी. तेवढा तुकडा गळून पडला होता. दुकानात चाक न धुताच मशीनवर चढवलं होतं. मशीनने मातीसकट मोजलं आणि मातीच्या समोर शिसं, म्हणजे बॅलन्सिंगचं वजन, लावलं. माती गेली, शिसं राहिलं. स्क्रू ड्रायव्हरने खरवडून घमेल्यात गोळा केलेली माती मी घरच्या काट्यावर टाकली, एका चाकातून पाव किलोच्या वर निघाली. त्या दिवसापासून चाक आतून धुतल्याशिवाय मी ते मशीनवर चढू देत नाही.

दुकानात जाण्याआधी रस्त्यावर काय बघायचं

सरळ, मोकळा, चांगला पट्टा निवडा. कणकवली ते कुडाळ हा चौपदरी भाग त्यासाठी उत्तम. काँक्रीटच्या रस्त्यावर जोडांची टकटक असते ती वेगळी. ती पायाखाली ऐकू येते आणि रस्ता डांबरी झाला की थांबते. आपल्याला शोधायची आहे ती दोन्ही रस्त्यांवर टिकणारी थरथर.

ती कुठे जाणवते ते पाहा. स्टेअरिंग थरथरत असेल तर पुढची चाकं, सीट आणि बूड हलत असेल तर मागची. मग थरथर ऐन जोरात असताना ॲक्सिलरेटरवरून पाय पूर्ण काढा. वेग तोच आहे आणि थरथरही तशीच, तर चाक. पाय काढताच गेली आणि दाबताच आली, तर ॲक्सलचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) गिअरबॉक्सकडचा आतला जॉईंट किंवा इंजिनाचं माउंटिंग (इंजिन धरून ठेवणारा रबरी आधार). फक्त ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग हलत असेल तर गोष्ट ब्रेकच्या डिस्कची आहे, त्यासाठी बॅलन्सिंगवर एक पैसा घालवू नका. आपल्याकडे पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे हमखास दिसतं: डिस्क गंजते, वरचा गंज चार-सहा ब्रेकमध्ये निघून जातो, पण पॅडखाली दबलेल्या जागेचा ठसा राहतो आणि तो प्रत्येक फेऱ्याला पायाला ढकलतो.

बॅलन्सिंग की अलाइनमेंट

या दोन शब्दांची सरमिसळ सगळ्यात जास्त पैसे खाते, म्हणून इथे थोडं थांबतो. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन. ते बिघडले की गाडी एका बाजूला ओढते, सरळ रस्त्यावर स्टेअरिंग वाकडं राहतं, टायरची आतली किंवा बाहेरची कड लवकर झिजते. थरथर मात्र त्यातून सहसा येत नाही. बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं, आणि वेगाला येणाऱ्या थरथरीवरचा पहिला इलाज तोच. दुकानदार दोन्ही एकत्र करून देतो म्हणाला तरी आधी नुसतं बॅलन्सिंग घ्या, गाडी हायवेला पळवून बघा, मग दुसरं ठरवा. दोन्ही एकदम केलीत तर कशाने बरं झालं हे कधीच कळणार नाही.

बॅलन्सिंग चालू असताना मशीनजवळ उभे राहा. आधी जुनी सगळी वजनं काढली पाहिजेत. चाक मशीनवर त्याच्या मधल्या भोकात शंकू घालून नीट मध्यावर बसलं पाहिजे. मशीन आतली आणि बाहेरची बाजू वेगवेगळी दाखवतं. ते दोन्हीकडे मागत असेल तर दोन्हीकडे वजन लागलं पाहिजे, नुसतं बाहेर नाही. वजन लावल्यावर चाक पुन्हा फिरवायला सांगा आणि दोन्हीकडे शून्य दिसल्याशिवाय ते उतरवू देऊ नका. लोखंडी रिमला कडेला अडकवायचं वजन बसतं, अलॉयला (ॲल्युमिनियमच्या रिमला) आतून चिकटवायचं. चिकटवण्याआधी जागा पुसून कोरडी केलेली हवी, नाहीतर पहिल्याच पावसात ते निघून जातं.

टायर की रिम

मशीनने एका बाजूला साठ-सत्तर ग्रॅमच्या वर वजन मागितलं की मला शंका येते. तेवढं शिसं लावून शून्य येईलही, पण जे वाकडं आहे ते वाकडंच राहील. वजन बरोबर असलेलं चाकही गोल नसेल तर हादरे देतंच.

इथे घरच्या घरी एक तपासणी होते. गाडी सपाट जागी, तिरप्या कोपऱ्यातल्या चाकाखाली दोन्ही बाजूंनी दगड लावून जॅकवर घ्या; पुढचं चाक बघताना हँडब्रेक ओढून न्यूट्रलमध्ये, मागचं बघताना हँडब्रेक सोडून गिअरमध्ये, नाहीतर चाक फिरणार नाही. गाडीखाली डोकं घालायचं नाही. मी खराट्यातला एक हीर काढतो, तो दगडावर असा टेकवतो की त्याचं टोक रिमच्या कडेपासून जेमतेम दोन मिलिमीटरवर राहील, आणि चाक हळू फिरवतो. फट सगळीकडे सारखी राहिली तर रिम ठीक. एका जागी टोक घासलं आणि समोर फट रुंदावली तर रिम वाकलेली. मग तोच हीर टायरच्या माथ्यावर धरायचा. रिम सरळ आणि टायर वर-खाली, तर दोष टायरचा. रिमची आतली कडही बघा. खड्ड्याचा मार बहुतेक वेळा आत बसतो आणि बाहेरून रिम नवी कोरी दिसते.

लोखंडी रिम वाकली तर ठोकून सरळ होते, खर्च थोडा, आणि मी ते निर्धास्तपणे करून घेतो. अलॉयच्या बाबतीत मी सावध आहे. हलका बाक चांगल्या ठिकाणी काढता येतो, पण तडा गेलेली अलॉय वेल्डिंग करून पुढच्या चाकाला लावणं मला मान्य नाही. तिथे रिम बदलावी.

टायरच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे उभ्या गाडीचा टायर. चाकरमान्यांच्या गाड्या गावी दोन-चार महिने एकाच जागी उभ्या असतात, हवा उतरते आणि टायर खालून चपटा होतो. अशा गाडीत निघाल्यावर थरथर येते आणि दहा-पंधरा किलोमीटरवर टायर गरम झाला की ओसरते. हवा बरोबर भरून दोन-तीन दिवस चालवून बघा; गेली तर काही बदलू नका. बरेच महिने तसाच उभा राहिलेला टायर मात्र पुन्हा पूर्ण गोल होईलच असं नाही.

दुसरी गोष्ट फुग्याची. टायरच्या कुशीला (बाजूच्या भिंतीला) फुगा आला असेल, किंवा माथ्यावर एका जागी उंचवटा आला असेल, तर आतले धागे तुटले आहेत किंवा आतला पट्टा सुटला आहे. हा टायर कमी वेगालाही गाडी डुलवतो. त्याला बॅलन्सिंग नाही, दुरुस्ती नाही, पुढच्या महिन्यावर ढकलणं नाही. स्टेपनी लावा आणि तो टायर बाद करा. तशा टायरवर घाट उतरू नका, मग तो परशुराम असो की आंबा घाट.

टायरचं वय कुशीवरच्या चार आकड्यांत लिहिलेलं असतं. ३५२० म्हणजे २०२० सालचा पस्तिसावा आठवडा. खाचांमध्ये १.६ मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. झीज तिथपर्यंत आली असेल तर थरथर असो-नसो, टायर संपला. कुशीला बारीक चिरा पडलेल्या जुन्या टायरवर बॅलन्सिंगचे पैसे घालण्यापेक्षा ते नव्या टायरसाठी ठेवा.

टायर आणि रिम दोन्ही सरळ दिसतात आणि तरी वजन जास्त मागतंय, अशा वेळी दुकानदाराला टायर सैल करून रिमवर अर्धा फेरा फिरवून बसवायला सांगा. टायरची जड बाजू आणि रिमची जड बाजू एकत्र आलेली असते, ती अशी वेगळी होते.

दोष नक्की चाकातच आहे का

पुढची चाकं मागे आणि मागची पुढे टाका. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावं डावीकडेच ठेवा. आता हायवेला न्या. थरथर स्टेअरिंगमधून सीटमध्ये गेली तर चाकच दोषी. जागची हलली नाही तर हब (ज्यावर चाक बसतं तो भाग), बेअरिंग, डिस्क, ॲक्सल यांच्याकडे वळा. लहान मापाची स्टेपनी असेल तर ती या तपासणीत वापरू नका, तिला ताशी ८० किमीची मर्यादा असते.

चाकं उतरवलीच आहेत तर हबचा चेहरा बघा. समुद्राच्या हवेत, मालवण-गुहागरसारख्या ठिकाणी, हबवर आणि रिमच्या मधल्या भागावर गंजाचे पापुद्रे धरतात. एवढ्यानेही चाक सपाट बसत नाही. तारेच्या ब्रशने घासून काढा. बाहेरून घेतलेल्या अलॉयमध्ये मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर मध्ये कडं लागतं. ते नसेल तर चाक मशीनवर शून्य आणि गाडीवर वाकडं, असा प्रकार होतो.

टायरचं दुकान, गावचा मेस्त्री की कंपनीचं वर्कशॉप

ॲक्सिलरेटरची तपासणी चाकाकडे बोट दाखवत असेल तर तालुक्याचं टायरचं दुकान. वर्कशॉपमध्ये दिवस मोडतो, आणि मशीन तेच काम करतं. फक्त दुकान असं निवडा जिथे चाक आधी धुतात आणि तुम्हाला जवळ उभं राहू देतात.

चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवल्यावर खेळ जाणवत असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉईंट, डावी-उजवीकडे असेल तर टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाक वळवणारा दांडा). बेअरिंग वेगाबरोबर घुमतं आणि वळणावर आवाज बदलतो. ही कामं गावचा चांगला मेस्त्री नीट करतो, आणि माझा अनुभव असा की वाकून, हात घालून बघण्यात तो वर्कशॉपपेक्षा उजवा असतो. टाय रॉड बदलला की मात्र अलाइनमेंट करावीच लागते, तिथे ती खरोखर लागते.

चढावर जोर दिला की गाडी थरथरते आणि पाय काढला की शांत होते, तर ॲक्सलच्या गिअरबॉक्सकडच्या रबरी बूटकडे (जॉईंटवरच्या आवरणाकडे) बघा. बूट फाटून आजूबाजूला ग्रीस उडालेलं असेल तर पावसाचं पाणी आणि रेती जॉईंटमध्ये गेली आहे. बूट नुकताच फाटला असेल तर साफसफाई, नवं ग्रीस आणि नवा बूट यांत भागू शकतं. जॉईंट झिजला असेल तर ॲक्सल बदलावा लागतो. हे आणि इंजिन माउंटिंग मी वर्कशॉपकडे देतो, कारण सुटा भाग अस्सल मिळतो आणि गाडी वॉरंटीत असेल तर तीही शाबूत राहते.

कुठेही चाक उतरवलं तरी नट चांदणीच्या क्रमाने, समोरासमोरचे धरून, टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) आवळायला सांगा. हवेच्या गनने कचाकचा मारू देऊ नका. पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर ते पुन्हा एकदा तपासा, आणि डिकीत पाना आहे ना, तो तुमच्याच नटांना बसतो ना, हे निघण्याआधी घरीच बघून घ्या.