केमोचा पोर्ट आणि घरी न्यायचा पंप: काही महिन्यांच्या वापरानंतर

आतड्याच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर फॉलफॉक्स (काही औषधं मिळून दिली जाणारी) केमो ठरली, तेव्हा पोर्टवरून, म्हणजे औषध देण्यासाठी छातीच्या कातडीखाली बसवायच्या छोट्या डबीवरून, आमच्या फोंड्याच्या घरात बरीच वादावादी झाली. ‘आणखी एक चिरफाड कशाला?’ आता केमोच्या सगळ्या सायकली (फेऱ्या) आटोपल्यात आणि माझं मत पक्कं आहे: डॉक्टर सुचवत असतील तर घ्या. ही औषधं हाताच्या बारीक शिरांना फार त्रास देतात. पोर्टची नळी हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत उघडते, तिथे ती लगेच रक्तात मिसळतात.

बसवताना जागा बधिर केली होती, दुखलं नाही. मान मात्र काही दिवस अवघडली. माझा पोर्ट उजव्या कॉलरबोनखाली आहे आणि गाडी चालवताना सीटबेल्ट नेमका त्यावर घासतो. शेजारच्या सीटवर बसलं की बेल्ट डाव्या खांद्यावरून जातो. रोज गाडी चालवणाऱ्यांनी बाजू ठरायच्या आधीच सर्जनशी बोलावं.

पोर्टला साधी सुई चालत नाही, वाकडी ह्युबर सुई लागते. टोचण्याच्या तासभर आधी बधिर करणारं क्रीम लावून घ्या, आणि पुढे बटणं असलेला शर्ट घाला. औषध सोडण्याआधी सिस्टर रक्त मागे येतं का ते बघते. त्या वेळी घाई करू नका, तिलाही करू देऊ नका.

खरी तयारी लागते ती पंपाची. हॉस्पिटलच्या डे-केअरमधून निघताना ५-एफयूचा (फॉलफॉक्समधलं एक औषध) पंप पोर्टला जोडून देतात आणि ४६ तास तो अंगावर असतो. माझा बाळाच्या दुधाच्या बाटलीएवढा. आत औषधाने भरलेला फुगा, तो हळूहळू आकसतो. बॅटरी नाही, आवाज नाही, त्यामुळे पहिल्या रात्री ‘चालू आहे ना?’ म्हणून बायको दोनदा उठून बघायची. फुगा आकसल्याचा फरक सकाळीच दिसतो. वेग ठरवणारा छोटा तुकडा कातडीला चिकटवलेला असतो आणि उष्णतेने वेग वाढतो. म्हणून ऊन, गरम पाणी, जाड गोधडी टाळायची. कमरेच्या पिशवीत पंप ठेवून झोपायची सवय दुसऱ्या सायकलपासून झाली.

आपल्याकडची खरी अडचण म्हणजे घाम. मे महिन्यात ड्रेसिंगच्या कडा सुटायच्या. असं झालं तर घरी वरून पट्ट्या चिकटवत बसू नका, फोन करा. सुईजवळ आग किंवा सूज आली तर नळीवरचा क्लॅम्प (चिमटा) बंद करून लगेच फोन. ताप १००.४च्या वर गेला तर मध्यरात्र असली तरी निघायचं. औषध सांडलं तर काय करायचं ते आधीच विचारून घ्या, आणि त्यासाठीचं सामान आणि हातमोजेही मागून घ्या.

ऑक्झॅलिप्लॅटिनमुळे (फॉलफॉक्समधलंच दुसरं औषध) थंड सोसत नाही. फ्रिजमधली सोलकढी तोंडाला लावली की घशात काटे. भेटायला येणारे नेमकं थंडगार शहाळंच आणतात, त्यांना फोनवरच सांगून टाका.

पोर्ट अजून आत आहे. स्कॅन होईपर्यंत काढायचा नाही असं ठरलंय, तोवर ठरलेल्या तारखेला तो फ्लश करून (नळी तुंबू नये म्हणून आतून धुऊन) घ्यायला जातो.