गंजावर चढवलेला काळा थर: आप्पांच्या जिप्सीच्या कामात आम्ही कसे फसलो

जुनी जीप, जिप्सी किंवा तसलीच फोर बाय फोर घेऊन कुणी घाटावरून कोकणात राहायला जाणार असेल, आणि त्याआधी तिचं गंजाचं काम करून घेणार असेल, तर कृपा करून हे आधी वाचा. आमचे 1 लाख 42 हजार रुपये गेले. ते एकवेळ विसरता आले असते. पण ऑगस्टमध्ये शृंगारतळीच्या पुढे उतारावर ब्रेकवरचा पाय थेट खाली गेला, तेव्हा मागे माझी सासू आणि मुलगी बसल्या होत्या. ते विसरता येत नाही.

गाडी माझ्या वडिलांची, आप्पांची. 2004 ची जिप्सी किंग, 1.3 लिटर पेट्रोल, एमएच-15 पासिंग. निफाडकडच्या मळ्यात तिने कांद्याच्या गोण्या, द्राक्षाचे क्रेट, खतं, सगळं वाहिलं. 2019 मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा आप्पांनी पासिंग करून नोंदणी पाच वर्षांनी वाढवून घेतली. ते गेल्यावर 2024 मध्ये मी पुन्हा वाढवली. पुढे सासऱ्यांच्या तब्येतीमुळे गुहागर तालुक्यातल्या घरी कायमचं राहायला जायचं ठरलं. गाडी विकून टाका असं चारजणांनी सांगितलं, पण आप्पांच्या हातची ती एवढीच वस्तू माझ्याकडे होती. इंजिन ठणठणीत होतं. प्रश्न फक्त पत्र्याचा आणि चॅसीचा, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याचा होता.

नाशिकमध्ये गाडी पावसात भिजते आणि चार दिवस उघडीप मिळाली की खालून खडखडीत वाळते. शहरात वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस, रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजाराच्या वर. पण पावसापेक्षा मिठाची भीती जास्त. समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर मीठ येतं, पत्र्यावर बसतं आणि हवेतली ओल ओढून धरतं. पाऊस थांबला तरी पत्रा ओलाच राहतो, आणि खाऱ्या ओलीत गंज फार झपाट्याने चालतो. आमच्या गाडीत तर समुद्र दिसायच्या आधीच मीठ शिरलं होतं. कांद्याला टाकतात तो म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, खायच्या मिठाचा सख्खा भाऊ. त्याच्या फाटक्या गोण्या मागच्या फ्लोअरवर पडून असायच्या. मॅट उचललं की पत्र्याचे पापुद्रे हातात यायचे.

2025 च्या फेब्रुवारीत ओळखीतून नाशिकच्या अंबडकडचं एक गॅरेज कळलं. तक्रार चालू असल्यामुळे नाव लिहीत नाही. मालक चाळिशीतला, बोलायला अतिशय गोड. "ताई, तुमच्या आप्पांची गाडी म्हणजे माझ्या बापाची गाडी समजा," असं म्हणाला. मग त्याने काम सांगितलं. सीटा आणि मॅट काढून फ्लोअर मोकळं करायचं, चॅसीला सँडब्लास्टिंग म्हणजे वाळूच्या फवाऱ्याने गंज उडवणं, कुजलेला पत्रा कापून त्या जागी 18 गेजचा नवा पत्रा वेल्ड करायचा, एपॉक्सी प्रायमर, सांध्यांना सीलर, त्यावर अंडरकोटिंग म्हणजे खालून मारायचा काळा संरक्षक थर, आणि शेवटी चॅसीच्या आत वॅक्स. ही यादी बरोबर आहे. आजही मला कुणी विचारलं तर मी हेच काम याच क्रमाने करायला सांगेन. त्याला सगळं माहीत होतं आणि त्याने त्यातलं जवळपास काहीही केलं नाही, म्हणून मला त्याचा राग जास्त येतो.

कोटेशन साध्या कागदावर होतं, त्यावर जीएसटी नंबर नव्हता. "पक्कं बिल हवं तर अठरा टक्के वर द्यावे लागतील ताई," असं त्याने सांगितलं आणि मी नको म्हणाले. ही माझी पहिली चूक. 60 हजार रोख दिले. तीन आठवड्यांनी "पत्रा आणायचाय" म्हणून 52 हजार यूपीआयने मागितले, तेही भाच्याच्या खात्यावर. उरलेले 30 हजार गाडी ताब्यात घेताना रोख.

मधल्या काळात मी दोनदा बघायला निघाले. एकदा "आज सँडब्लास्टिंगला सातपूरला पाठवलीय", दुसऱ्यांदा "प्रायमर ओला आहे, धूळ बसेल, उद्या या". व्हॉट्सअॅपवर फोटो मात्र येत होते. चॅसी उघडी, करडी, घासून लखलखीत. बघून मला भरून आलं होतं. ते फोटो आमच्या गाडीचे नव्हते. जिप्सीची चॅसी चारही बाजूंनी बंद असते, पेटीसारखी. फोटोतली एका बाजूने उघडी होती, सी आकाराची. कुठल्या तरी जुन्या जीपची असणार. मला तेव्हा हा फरक माहीत नव्हता, आणि एकाही फोटोत नंबरप्लेट नव्हती हेही लक्षात आलं नाही.

मार्चच्या मध्यावर गाडी मिळाली. खालून काळीभोर, एकसारखी, नवी कोरी. आता मागे वळून बघते तेव्हा त्याच दिवशी दिसायला हव्या होत्या अशा कितीतरी गोष्टी समोर होत्या. सीटच्या नटांवरचा जुना गंज जसाच्या तसा होता. फ्लोअरचा पत्रा बदलायचा तर सीटा काढाव्या लागतात, आणि सीटा काढायच्या तर ते नट खोलावे लागतात. त्यांना पाना लागलेला नव्हता. घरी येईपर्यंत सायलेन्सरवरून जळका डांबरी वास येत होता, कारण कोटिंग सायलेन्सरवरही मारलेलं होतं. स्प्रिंगच्या पाट्यांचे रबर बुश, ब्रेकचे रबरी होज, प्रोपेलर शाफ्ट, सगळं एकाच फवाऱ्यात काळं. नीट काम करणारा माणूस या जागा आधी कागद आणि टेप लावून झाकतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी बाहेर जायची भोकं असतात. तीही बुजली होती.

एप्रिलमध्ये आम्ही गेलो. नंबर बदलावा लागला नाही. गाडी महाराष्ट्रातच राहणार असल्याने फक्त आरसीवरचा पत्ता बदलायचा होता.

जूनमध्ये पाऊस लागला आणि पंधरा दिवसांत गाडीत कुबट वास यायला लागला. जुलैत ब्रेक मारला की खालून कुठून तरी पाणी डुचमळल्याचा आवाज येई. मी नवऱ्याला म्हटलं, डिकीत बाटली सांडली असेल. बाटली नव्हती. चॅसीच्या बंद पेटीत पाणी साठलं होतं, कारण तिच्या तळातली भोकं कोटिंगने बंद झाली होती. पाणी वरच्या भोकांमधून आत जात होतं आणि त्याला बाहेर यायला वाट नव्हती. म्हणजे जे कोटिंग गाडी वाचवण्यासाठी मारलं, त्यानेच चॅसी आतून भिजवून ठेवली.

ऑगस्टच्या त्या दिवशी मागच्या ब्रेकचा लोखंडी पाइप फुटला. पुढच्या ब्रेकचं सर्किट वेगळं असतं म्हणून गाडी थोडी तरी धरली, नवऱ्याने गियर पाडत पाडत ती कडेला घेतली. त्या पाइपवरही काळा थर मारलेला होता. खाली तो गंजून कागदासारखा झाला होता, आणि थरामुळे कुणालाच दिसला नव्हता.

टोइंग करून गाडी चिपळूणला नेली. तिथल्या मिस्त्रींनी, साठीच्या काकांनी, गाडी रॅम्पवर घेतली आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चॅसी ठोकत गेले. चांगल्या जागी टण् असा आवाज येई. मागच्या अॅक्सलच्या वर आले तेव्हा भद्द आवाज आला. त्यांनी टोक लावलं, ते आत गेलं. "वहिनी, हे बघा. इथं पत्राच नाय," एवढंच म्हणाले. मग त्यांनी फ्लोअर खरवडलं. काळ्या थराखाली लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुट्टी, तिच्याखाली फायबरचं कापड, आणि त्याच्याखाली भोकात कोंबलेला वर्तमानपत्राचा बोळा.

मी तो बोळा उलगडला. कागद ओला होता, कडेने गंजाने तांबडा झालेला. त्यावर लासलगावचे कांद्याचे बाजारभाव होते आणि वर तारीख होती, आमची गाडी त्या गॅरेजमध्ये होती त्याच आठवड्यातली. आप्पा रोज सकाळी चहाबरोबर आधी हाच रकाना वाचायचे. मी तिथे रॅम्पजवळ उभी राहून रडले.

चिपळूणला काम पुन्हा, पहिल्यापासून झालं. वेगळ्या पद्धतीने झालं, म्हणून सविस्तर सांगते. काकांनी अट आम्हालाच घातली, कोटिंग मारायच्या आधी तुम्ही येऊन उघडा पत्रा बघायचा, त्याशिवाय मी पुढे जाणार नाही. आम्ही गेलो, हात लावून बघितला, आमच्याच गाडीचे फोटो चॅसी नंबरसकट काढले, मग पुढचा हप्ता दिला. जिथे गंज वरवरचा होता तिथे तारेच्या ब्रशने घासून फॉस्फोरिक अॅसिडचं गंजरोधक लावलं. त्याने उरलासुरला गंज काळा पडून घट्ट बसतो. जिथे पत्रा कुजला होता तिथे तो चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड केला. प्रायमर वाळेपर्यंत गाडी झाकून ठेवली. चॅसीच्या आत लांब नळीने वॅक्स मारलं आणि तळातली सगळी भोकं तारेने मोकळी करून दाखवली. ब्रेकचे पाइप तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे टाकले, ते लोखंडासारखे गंजत नाहीत. ब्रेक ऑइल बदललं, कारण ते हवेतलं पाणी शोषतं.

अॅक्सलच्या ब्रीदरला, म्हणजे हवा ये-जा करायच्या छोट्या तोंडाला, लांब नळी लावून ती बॉनेटखाली वर नेली. गरम अॅक्सल पाण्यात उतरला की एकदम थंड होतो आणि छोट्या ब्रीदरमधून पाणी आत ओढतो. आमचं मागच्या अॅक्सलमधलं डिफरन्शियल ऑइल पाणी मिसळून दुधाळ झालंच होतं. वायरिंगचे अर्थिंगचे नट एकेक खोलून, घासून, ग्रीस लावून परत बसवले. कोकणात लाइट मंद पेटणं, हॉर्न कधी वाजणं कधी न वाजणं, याचं मूळ बहुतेक वेळा तिथेच सापडतं, असं काका म्हणाले.

आता मी फ्रिजवरचं चुंबक रुमालात गुंडाळून ठेवते. पत्रा असेल तिथे ते चिकटतं, जाड लांबी भरलेली असेल तिथे गळून पडतं. अंबडला पैसे मोजायच्या आधी हे पाच मिनिटं केलं असतं तर मला मागचं फ्लोअर तिथेच कळलं असतं. चॅसीसाठी चुंबकापेक्षा ठोकून बघणं बरं. आणि काम चालू असताना गाडी बघू दिली जात नसेल, "उद्या या" दोनदा ऐकलं असेल, तर तिसऱ्यांदा फोन न करता थेट जा.

गॅरेजवाल्याला फोन केला तेव्हा तो आधी म्हणाला, "ताई, खारी हवा आहे, त्याला मी काय करणार." पाच महिन्यांत खाऱ्या हवेने वर्तमानपत्र तयार होत नाही, असं मी सांगितल्यावर त्याने नंबर ब्लॉक केला. मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्याने दाद दिली नाही. वकिलाची नोटीस पाठवली, तिलाही उत्तर नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार केली आहे. ज्यांच्यावर अशी वेळ आली असेल त्यांच्यासाठी सांगते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. आम्हाला नाशिकच्या खेपा घालाव्या लागणार नाहीत.

अडचण पुराव्याची आहे. 90 हजार रोख गेले, त्यांचा कागद नाही. यूपीआयचे 52 हजार आहेत, पण भाच्याच्या नावावर. व्हॉट्सअॅपवरचं त्याचं "52 मिळाले ताई, पत्रा उद्या लागतो" हे उत्तर आहे, ते उपयोगी पडेल असं वकील म्हणतात. काकांनी लेखी अहवाल दिला आहे, थर खरवडतानाचे फोटो आहेत. आणि बाजारभावाचा तो कागद वाळवून, पारदर्शक पिशवीत घालून फाइलला लावला आहे. पहिली तारीख अजून लागायची आहे.